चांदकुड्याची नोंद करताना : कोकणातील जैवविविधता व्यवस्थापन समित्यांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव आणि सर्व सदस्य,
ग्रामपंचायत स्तरावरील जैवविविधता व्यवस्थापन समित्या,
जिल्हे रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग

विषय : लोक जैवविविधता नोंदवहीत चांदकुडा या वृक्षाची नोंद आणि त्याचे रक्षण

सादर नमस्कार.

आपल्या गावाची लोक जैवविविधता नोंदवही तयार करताना किंवा तिची फेरतपासणी करताना एखाद्या देवराईत, वहाळाच्या काठी किंवा घाटाच्या पायथ्याच्या दाट रानात चांदकुडा आढळला, तर त्याच्यापुढच्या रकान्यात ‘विषारी’ एवढा एकच शब्द लिहून पुढच्या झाडाकडे वळू नये, ही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. तो शब्द खोटा नाही. या झाडाच्या चिकाने जावा, बोर्निओ आणि मलाया या प्रदेशांत पिढ्यान् पिढ्या बाणांची आणि फुंकनळीच्या तीरांची टोके माखली गेली आणि त्या तीरांनी माकडापासून रानडुकरापर्यंतची शिकार होत आली. परंतु याच झाडाच्या सालीच्या पोत्यांतून आपल्या सह्याद्रीतल्या माणसांनी तांदूळ वाहून नेले, ही गोष्टही तितकीच खरी आहे आणि ती मात्र आपल्याच गावांच्या आठवणीतून पुसली जात आहे. नोंदवहीत पहिली गोष्ट राहिली आणि दुसरी गळली, तर पुढच्या पिढीच्या हाती या झाडाविषयी फक्त भीती उरेल. आणि ज्या झाडाची नुसती भीतीच वाटते, त्याच्यावर कुऱ्हाड पडायला फारसे निमित्त लागत नाही.

चांदकुडा हा वड, उंबर, फणस आणि तुती यांच्या कुळातला. काही भागांत त्याला चांदल किंवा करवत असेही म्हणतात. शास्त्रीय नाव अँटिअॅरिस टॉक्सिकारिया. पश्चिम आफ्रिकेपासून सह्याद्री, श्रीलंका, म्यानमार, दक्षिण चीन, मलेशिया, इंडोनेशिया असा तो थेट प्रशांत महासागरातील टोंगा बेटांपर्यंत पसरलेला आहे. जगाच्या हिशेबाने तो दुर्मीळ नाही. महाराष्ट्रात मात्र तुरळक आहे आणि जो आहे तो बहुतेक जुन्या, राखलेल्या रानांतच. खोड सरळसोट, फिकट राखाडी, बुंध्याशी आधारमुळांचे पंख फुटलेले. चाळीस मीटरपर्यंत वाढलेल्या झाडाची पहिली फांदी पाहायला मान पूर्ण मागे टाकावी लागते. पाने एकाआड एक, दोन ओळींत, हाताला खरखरीत लागणारी, देठाशी किंचित वाकडी. कोवळ्या रोपाच्या पानांच्या कडा दातेरी असतात. नरफुले चपट्या गोल तबकड्यांत दाटीने बसतात. फळ पिकले की लाल होऊन जांभळटाकडे झुकते, त्यावर मऊ लव असते आणि आत एकच मोठी बी. सालीला चीर दिली की चीक येतो. तो आधी फिकट दुधाळ दिसतो आणि वारा लागला की तपकिरी होत जातो.

या चिकाभोवतीच सगळी कीर्ती आणि अपकीर्ती जमली आहे. ‘जगातील सर्वांत विषारी झाड’ अशा मथळ्याचे जे संदेश मोबाइलवर फिरतात, त्यांची मुळे बरीच जुनी आहेत. १७८३ साली ‘लंडन मॅगझिन’ या नियतकालिकात फोर्श नावाच्या माणसाचा एक वृत्तांत छापून आला. आपण डच ईस्ट इंडिया कंपनीत शल्यचिकित्सक होतो, असे सांगून त्याने लिहिले की जावा बेटाच्या अंतर्भागात डोंगरांनी वेढलेल्या जागी एकच विषवृक्ष उभा आहे, त्याच्यापासून दहा-बारा मैलांपर्यंत गवताचे पातेही उगवत नाही, वरून उडणारा पक्षी मरून खाली पडतो, आणि राजाला विष हवे असले की देहदंड झालेल्या गुन्हेगारांना तिकडे पाठवतात. परत येतात ते विसांतून जेमतेम दोन. हा सगळा मजकूर बनावट होता. तरीही तो युरोपातल्या एका भाषेतून दुसरीत जात राहिला, इंग्रजी आणि रशियन कवींनी त्यावर कविता केल्या, आणि अत्याचारी सत्तेला किंवा दुष्ट माणसाला या झाडाची उपमा देण्याची प्रथाच पडली. एका जिवंत वृक्षाची इतकी बदनामी दुसऱ्या कुठल्या लेखाने झाली असेल, असे मला वाटत नाही.

त्या बनावट वृत्तांताला कदाचित एका खऱ्या गोष्टीचा आधार असावा, आणि ती समजून घेणे उपयोगाचे आहे. जावा हे ज्वालामुखींचे बेट. तिथल्या दिएंग पठारासारख्या ठिकाणी जमिनीतून कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर येतो आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे खळग्यांत साचतो. त्यात उतरलेले जनावर गुदमरून मरते. १९७९ मध्ये याच पठारावर जमिनीतून आलेल्या वायूने शंभराहून अधिक माणसांचा बळी घेतला. ओसाड, प्राणघातक दरी खरी होती आणि विषारी चिकाचा वृक्षही खरा होता. फक्त या दोहोंचा एकमेकांशी काही संबंध नव्हता.

फोर्शच्या कथेचा खोटेपणा सिद्ध करणाऱ्यांनी जे केले, तेच आपण नोंदवहीसाठी करायचे आहे, म्हणून त्यांच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. लेशेनो द ला तूर हा फ्रेंच निसर्गअभ्यासक १९व्या शतकाच्या आरंभी जावात होता. पुढे तो पाँडिचेरीतही अनेक वर्षे राहिला. जावाच्या पूर्व टोकाला बान्युवांगीजवळ त्याने हे झाड प्रत्यक्ष गाठले. फांद्या काढण्यासाठी एका स्थानिक माणसाला वर चढवले, तेव्हा खाचा पाडत तो काही उंचीवर पोचला आणि त्याला चक्कर व मळमळ सुरू झाली. तो खाली उतरला आणि पुढे काही दिवस आजारी राहिला. दुसरा माणूस त्याच झाडाच्या शेंड्यापर्यंत जाऊन आला आणि त्याला काहीही झाले नाही. त्यानंतर लेशेनोने एक लहान झाड पाडून घेतले, त्याच्या मोडलेल्या फांद्यांतून तो स्वतः फिरला, हातातोंडाला चीक लागला, तो त्याने लगेच धुऊन टाकला आणि त्याला त्रास झाला नाही. झाडाच्या खोडावर त्याला सरडे आणि किडे दिसले, फांद्यांवर पक्षी बसलेले दिसले. ही निरीक्षणे त्याने १८१० मध्ये प्रसिद्ध केली आणि झाडाला आज रूढ असलेले शास्त्रीय नावही त्यानेच दिले. एकाला बाधले आणि दुसऱ्याला नाही, हे दोन्ही त्याने लिहून ठेवले, यात मला त्याचे मोठेपण वाटते.

त्याच सुमारास थॉमस हॉर्सफील्ड हा अमेरिकन डॉक्टर जावात काम करीत होता. त्यालाही हे झाड ओसाड माळावर एकटे नव्हे, तर इतर झाडाझुडपांच्या गर्दीत उभे असलेले आढळले. त्याने आणखी एक मोलाची गोष्ट केली : विष कसे तयार करतात, हे त्याने जाणकार वृद्ध जावानी माणसासमोर बसून पाहिले. बांबूच्या नळकांड्यातून आणलेल्या चिकात आल्याच्या कुळातल्या कंदांचा रस, कांद्याचा आणि लसणाचा रस, वरून काळ्या मिऱ्याची पूड असे थोडे थोडे घातले जात होते आणि शेवटी त्या द्रवात मिरचीची एक बी सोडून ती कशी फिरते यावरून विष जुळून आले की नाही, हे ठरवले जात होते. खरी शक्ती चिकाचीच, बाकीच्या जिनसा त्यात फारशी भर घालत नसाव्यात, असे आज रसायनशास्त्राच्या आधारे म्हणता येते. तरीही तो वृद्ध माणूस जे करीत होता ते अंदाजपंचे नव्हते. त्यात क्रम होता, प्रमाण होते, परीक्षा होती. हॉर्सफील्डचा निबंध १८१४ साली छापला गेला आणि त्यात त्याने असेही नमूद केले की तिथले गरीब लोक याच झाडाच्या कोवळ्या सालीचे जाडेभरडे कापड करून शेतात काम करताना वापरतात, मात्र ते पावसात भिजले की अंगाला असह्य खाज सुटते.

बाणाच्या विषाची परंपरा अधिक काळ आणि अधिक सूक्ष्मपणे जपली ती मलाया द्वीपकल्पातल्या ओरांग अस्ली जमातींनी आणि बोर्निओतल्या दायाक व पेनान लोकांनी. मलेशियातल्या इपोह शहराला तर या झाडाचेच नाव आहे. बोर्निओतल्या सारावाक या प्रांतातले पेनान हे रानात फिरून जगणारे लोक. कठीण लाकडाचा सरळ दांडा लांबलचक लोखंडी सळईने आरपार पोखरून ते फुंकनळी बनवतात आणि तिच्या टोकाला भाल्याचे पातेही बांधतात, म्हणजे एकाच हत्याराने दुरून वेध घेता येतो आणि जखमी डुकराला जवळूनही गाठता येते. तीर ताडकुळातल्या झाडाच्या काडीचा, जेमतेम वीतभर; त्याच्या मागच्या टोकाला हलक्या गाभ्याचा लहान बोळा, तो नळीत बरोबर बसला की श्वासाचा सगळा जोर तीरामागे लागतो. झाडाच्या सालीवर तिरक्या चिरा पाडून चीक गोळा करतात, पानावर ठेवून मंद आचेवर सावकाश आटवतात, आणि काळपट तपकिरी लगदा झाला की तीराच्या टोकाला त्याचा लेप देऊन पुन्हा सुकवतात. लहान माकडासाठी नुसते टोकदार तीर, मोठ्या डुकरासाठी रुंद टोकाचे आणि अधिक विष वाहणारे. सगळीच झाडे सारखी विषारी नसतात, हेही त्यांना ठाऊक असते. म्हणून चांगल्या चिकाचे झाड सापडले की ते कुटुंबाच्या राखणीतले ठरते. या राखणीला ते ‘मोलोंग’ म्हणतात आणि साबुदाण्याचे ताड व फळझाडेही याच रीतीने राखली जातात. आपल्याकडच्या देवराईशी याचे नाते थेट नाही, कारण इथे राखणदार देव आहे आणि तिथे माणूस. तरी रानातून घ्यायचे तर काही राखून ठेवावे लागते, ही जाण दोन्हीकडे आहे.

शिकारीचे मांस ते लोक खातात, मग खाणाऱ्याला विष कसे बाधत नाही, असा प्रश्न कुणीही विचारील, आणि नोंदवहीत त्याचे उत्तर असायला हवे, कारण झाडाच्या धोक्याचे खरे स्वरूप त्यातूनच कळते. चिकात अँटिअॅरिन आणि त्याच्या जवळची रसायने असतात. ती रक्तात थेट शिरली की हृदयाच्या स्नायूंवर काम करतात. प्रत्येक पेशीच्या आवरणात सोडियम बाहेर टाकून पोटॅशियम आत घेणारी जी यंत्रणा असते, ती ही रसायने बंद पाडतात. त्यामुळे पेशीत कॅल्शियम साचत जाते, ठोके आधी अनियमित होतात आणि मग हृदय थांबते. लंडनमध्ये बेंजामिन ब्रोडी या शल्यचिकित्सकाने १८११ मध्येच प्रयोगांनी दाखवले होते की हे विष मेंदूवर नव्हे, हृदयावर घाला घालते. हृदयविकारावर दिले जाणारे डिजॉक्सिन याच जातीचे रसायन आहे आणि त्याचे कामही याच यंत्रणेवर चालते. औषध आणि विष यांत फरक तो मात्रेचा. चांदकुड्याच्या चिकातले विष पोटातून रक्तात फार कमी प्रमाणात शोषले जाते, शिवाय जखमेभोवतीचे मांस शिकारी कापून टाकतात, म्हणून उरलेले मांस खाता येते.

आपल्या गावासाठी यातून निघणारा अर्थ अगदी व्यवहारी आहे. चांदकुड्याखाली उभे राहिल्याने, त्याच्या सावलीत बसल्याने, त्याच्यावरून आलेला वारा अंगावर घेतल्याने काहीही होत नाही. मी या झाडाखाली अनेकदा उभा राहिलो आहे. पायाशी पक्ष्यांनी अर्धवट खाऊन टाकलेली फळे आणि वर पानांत त्यांची लगबग, हेच बहुतेक वेळा पाहायला मिळाले. भिण्यासारखी गोष्ट एकच : ताजा चीक उघड्या जखमेत, डोळ्यांत किंवा पोटात जाणे. म्हणून त्याच्या सालीवर कोयता मारू नये, मुलांनी खोडावर नावे कोरू नयेत, चीक लागलाच तर तो लगेच भरपूर पाण्याने धुवावा, आणि जखमेत किंवा डोळ्यांत गेला तर घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठावा. हे चार नियम सोप्या भाषेत नोंदवहीत आणि शाळेच्या फळ्यावर लिहिले, तर झाडही राहील आणि माणसेही सुरक्षित राहतील.

एक धोका मात्र मला या सर्वांहून मोठा वाटतो आणि तो नावांच्या सारखेपणातून येतो. आपल्याकडे आमांशावर कुड्याची साल वापरण्याची रीत घरोघर आहे. कुडा आणि चांदकुडा यांचा कुळाने काही संबंध नाही, परंतु दोन्हींना चीक आहे आणि नाव अर्धे सारखे आहे. रानातून साल आणायला नवख्या मुलाला धाडले आणि त्याने चांदकुड्याचे लहान झाड तासून आणले, तर काय होईल याची कल्पना करा. भेद ओळखणे अवघड नाही : कुड्याची पाने फांदीवर समोरासमोर जोडीने येतात, चांदकुड्याची एकाआड एक, कुड्याला पांढरी फुले आणि लांब जोडशेंगा, चांदकुड्याला लवदार, एकबीजी फळ. नोंदवहीत ही दोन्ही झाडे शेजारी शेजारी, छायाचित्रांसह दाखवावीत, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. कोकणात चांदकुड्याच्या कडू बियाही ताप आणि आमांश यांवर दिल्या जात असत, अशी नोंद जुन्या औषधिग्रंथांत सापडते. ती नोंद इतिहास म्हणून जरूर घ्यावी, परंतु त्याच ओळीत, हा उपाय आज कुणीही करू नये, असे स्पष्ट बजावावे.

आता पोत्यांविषयी, कारण खरे तर त्यांच्यासाठीच हे पत्र लिहायला घेतले. १८३९ साली मुंबईत छापलेल्या मुंबई इलाख्याच्या एका वनस्पतिसूचीत निम्मो नावाच्या अभ्यासकाने या झाडाचे वर्णन केले, तेव्हा खंडाळ्याच्या दऱ्यांत ते आढळते, असे त्यात म्हटले होते आणि त्याने झाडाला जे लॅटिन नाव दिले त्याचा अर्थच ‘पोती देणारे’ असा होता. जावात जे झाड विषामुळे प्रसिद्ध झाले, ते सह्याद्रीत पाहणाऱ्याच्या नजरेत भरले ते पोत्यांमुळे. पोते करण्याची रीत अशी : हवे तेवढ्या लांबीची आणि जाडीची फांदी कापायची, ती थोडी भिजवायची आणि लाकडी दांडक्यांनी चहूबाजूंनी बडवत राहायचे. बडवून बडवून सालीचे तंतू लाकडापासून सुटे झाले की सदऱ्याची बाही उलटवावी तशी साल वरून खाली उलटवत न्यायची आणि आतले लाकूड कापून काढायचे. फक्त शेवटी एक जाड चकती तशीच ठेवायची, ती झाली पोत्याचा तळ. कुठे शिवण नाही, कुठे सांधा नाही. तांदूळ भरायला आणि वाहून न्यायला खेड्यांत ही पोती सर्रास वापरली जात.

कल्पना करा, त्या माणसाला काय काय ठाऊक असले पाहिजे. कोणत्या जाडीच्या फांदीची साल न फाटता सोलून निघते, ती किती भिजवायची, दांडक्याचा घाव किती हलका ठेवायचा, चीक अंगाला लागू नये म्हणून कसे बसायचे, आणि इतके करून झाड जिवंत राहावे म्हणून कोणती फांदी घ्यायची व कोणती सोडायची. श्रीलंकेतल्या वेद्दा लोकांनी याच सालीच्या पिशव्या केल्या, घानातल्या अकान लोकांनी याच जातीच्या आफ्रिकी झाडाचे सालकापड वापरले, चीनमधल्या हैनान बेटावरील ली लोकांनी साल बडवून वस्त्रे केली. या सगळ्यांच्या मालिकेत सह्याद्रीतला पोते करणारा माणूस बसतो, आणि त्याच्याविषयी लिहिलेले आपल्याजवळ जे काही आहे ते जवळजवळ सगळे परक्यांच्या टिपणांतून आलेले आहे. तागाची पोती स्वस्त झाली, मग प्लास्टिकची आली, आणि हे काम थांबले. ते आज पुन्हा सुरू करावे, असे माझे म्हणणे मुळीच नाही. आहेत ती मोजकी झाडे त्यात संपून जातील. पण त्याची आठवण कुणाच्या तरी घरात, कुणाच्या तरी बोलण्यात अजून असू शकते. आपल्या गावातल्या धनगर, कातकरी, ठाकर वाड्यांतली वडीलधारी माणसे, देवराईचे गुरव आणि मानकरी, रानातून जळण आणणाऱ्या म्हाताऱ्या बायका यांच्याजवळ बसून विचारले पाहिजे, आणि विचारताना झाडाचे पान व फळ हातात घेऊन गेले पाहिजे, कारण नाव दर दहा कोसांवर बदलते.

जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ४१ ने आपल्या समितीवर संवर्धनाबरोबरच स्थानिक ज्ञानाच्या नोंदीचीही जबाबदारी टाकली आहे. अनेक गावांत ही नोंदवही बाहेरच्या संस्थेकडून घाईने भरून घेतली जाते आणि मग शेजारच्या तालुक्यातली यादी जशीच्या तशी आपल्या वहीत उतरते. आपल्या गावच्या वहीत तसे झाले असेल, तर ती दुरुस्त करण्याचा अधिकार आपलाच आहे. प्रत्येक चांदकुड्याचा छातीच्या उंचीवरचा घेर, जागा, तो देवराईत आहे की खासगी मालकीत, त्याच्या खाली रोपे उगवलेली दिसतात का, हे लिहावे. कुणाच्या तोंडून कोणती माहिती मिळाली, हे त्या व्यक्तीच्या संमतीने लिहावे, आणि औषधी उपयोगासारखी माहिती ग्रामसभेला विचारल्याशिवाय बाहेर देऊ नये.

हे सगळे आताच का, असे कुणी विचारील. सारावाकमध्ये १९८७ साली पेनान लोक लाकूडतोड्या कंपन्यांच्या रस्त्यांवर अडथळे उभारून स्वतः आडवे उभे राहिले, कारण त्यांच्या साबुदाण्याच्या ताडांबरोबर, फळझाडांबरोबर, विषाच्या चिकाची राखलेली झाडेही यंत्रांखाली जात होती. या झाडाचे लाकूड हलके, प्लायवूडला आणि खोक्यांना चालणारे. ते तोडणाऱ्याला त्याच्या चिकाशी काही देणेघेणे नव्हते. कोकणातले बरेचसे रान खासगी मालकीचे आहे. ठरावीक वर्षांनी ते ठेकेदाराला विकले जाते आणि एका हंगामात डोंगर मोकळा होतो. त्या जागी काजू लागतो, दक्षिणेकडे रबर लागतो. अशा तोडीत किंजळ आणि आईन पुन्हा फुटून येतात, पण चांदकुड्यासारखे जुन्या रानाच्या सावलीत वाढणारे झाड सहज परत येत नाही. देवराई हाच त्याचा आता खरा आसरा उरला आहे, आणि जीर्णोद्धार, सभामंडप, पोचरस्ता यांच्या कामात देवराईच्या कडेचे मोठे झाड जाते, तेव्हा ‘तसेही ते विषारीच होते’ असे म्हणणे सोपे जाते. मला नेमकी या वाक्याची धास्ती वाटते.

गावाने मनावर घेतले तर काय होऊ शकते, हे आपण दूर जाऊन पाहायला नको. दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डे इथली रानजायफळाची दलदल गावकऱ्यांनी देवराई म्हणून पिढ्यान् पिढ्या राखली, अभ्यासकांनी तिची नोंद केली आणि २०२१ मध्ये राज्य शासनाने तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला. क्षेत्र म्हणाल तर अडीच हेक्टरांच्या आसपास. चांदकुड्याचे एखाददुसरे झाड असलेल्या प्रत्येक देवराईला असा दर्जा मिळेल, असे नाही, आणि त्याची वाटही पाहू नये. ग्रामसभेचा साधा ठरावही पुरेसा आहे : या झाडाला कोणत्याही बांधकामासाठी हात लावायचा नाही, त्याच्या बुंध्याशी सिमेंटचा पार बांधायचा नाही, आणि वादळाने फांदी मोडली तर ती उचलण्याचे काम हातमोजे घालूनच करायचे. ज्या देवरायांत कौल लावल्याशिवाय काडी मोडली जात नाही, तिथे असा ठराव मानकऱ्यांना परका वाटणार नाही.

देवराईत माहितीची पाटी लावणार असाल, तर तिच्यावर कवटी आणि हाडांचे चित्र काढू नये, अशीही विनंती आहे. पाटीवर झाडाचे गावात रूढ असलेले नाव आधी असावे, शास्त्रीय नाव नंतर. चिकाविषयीची सूचना स्पष्ट अक्षरांत असावी. बोर्निओतल्या तीरांविषयी दोन ओळी असाव्यात, कारण मुलांना ते वाचायला आवडेल आणि ते ज्ञान त्या लोकांचे होते, हे त्यांना कळले पाहिजे. आणि सालीच्या पोत्याविषयी, आपल्याच गावातल्या माणसाने सांगितलेले जे काही मिळेल ते, त्याच्याच बोलीत असावे.

शेवटची गोष्ट रोपांची. चांदकुड्याची बी फार काळ टिकत नाही. वाळवून डब्यात भरून ठेवली तर उगवत नाही. फळे गळू लागली की गर धुऊन बी त्याच दिवसांत पिशवीत लावावी लागते आणि रोपाला पहिली काही वर्षे सावली द्यावी लागते. वन विभागाच्या किंवा शाळेच्या रोपवाटिकेत हे काम होऊ शकते. ज्या गावांत फळ देणारे झाड आहे, त्यांनी फळधारणेचा महिना नोंदवहीत आवर्जून लिहावा आणि ज्या गावांच्या देवरायांतून हे झाड गेले आहे, त्यांच्यापर्यंत तो पोचवावा. नोंदीचा नमुना तयार करण्यासाठी, कुडा आणि चांदकुडा यांच्यातला फरक प्रत्यक्ष दाखवण्यासाठी किंवा गावातल्या वडीलधाऱ्यांशी बोलायला सोबत येण्यासाठी मी कोणत्याही समितीबरोबर यायला तयार आहे.

कळावे,

आपला नम्र,
कोकणातील एक वनस्पती-अभ्यासक